तेवीस गठ्ठे

एकोणतीस वर्षं त्यांनी बस चालवली, पण कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. प्रवासी वैतागून त्यांना 'हळूकाका' म्हणायचे. ते नाव निवृत्तीनंतरही टिकलं. मग मधुमेहानं उजवा पाय गुडघ्याखालून गेला आणि हळूकाका दोन वर्षं खिडकीशी बसून राहिले.

शेवटी लेकीनं वापरलेली, पण धडधाकट, बॅटरीवर चालणारी अपंगांची चारचाकी स्कूटर आणली. दुकानदारानं बटण दाखवलं: एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. "गर्दीत नेहमी कासव. थांबलात की किल्ली बंद. आणि मागे घेताना मान वळवून बघायचं, काका."

"मला शिकवतोस होय रे?" काका हसले.

पुढचे चार महिने सुखाचे गेले. स्वतःची टूथपेस्ट स्वतः आणायची, एवढ्यानंसुद्धा ते खुलले होते.

त्या सकाळी ते गाडीवरूनच औषधांच्या दुकानात शिरले. रस्ता ओलांडताना बटण सशावर केलं होतं, ते तसंच राहिलं. "काका, जरा बाजूला घ्या," असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. काकांनी मागे जायची दांडी दाबली. गाडी एकदम उसळली. मागे रांगेत टेलरबाई उभ्या होत्या.

त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या खाली बसल्यासारख्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं होतं.

टेलरबाई साठीच्या, एकट्या. एका खोलीत पायाच्या मशीनवर अख्ख्या मोहल्ल्याचं शिवायच्या. ऑपरेशन झालं, त्या काठीवर चालू लागल्या, पण तो पाय मशीनवर पुन्हा चालणार नव्हता.

काका दवाखान्यात भेटायला गेले. लेक दाराशीच थांबली.

"तुम्ही मागे बघितलं नव्हतंत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"एकदासुद्धा?"

"नाही, बाई."

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काका कुबडी घेऊन उठले.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली कपाटात टाकली. लेक म्हणाली, "बाबा, यात गाडीचा काय दोष?"

"तिचा नाहीच. म्हणून तर."

महिन्याभरानं फोन आला. टेलरबाईंचा आवाज कोरडा होता. "लोकांची कापडं पडून आहेत माझ्याकडे. आता मी शिवणार नाही. परत पोचवायची आहेत, आणि या गावात माझं दुसरं कुणी नाही. तुमची गाडी आहे ना?"

काकांनी किल्ली काढली.

तेवीस गठ्ठे होते. प्रत्येकाला बाईंच्या हातची चिठ्ठी टाचलेली: नाव, पत्ता, छाती, बाही, उंची. कुणाचं पँटचं कापड, कुणाचं पडद्यांचं, एक शाळेच्या गणवेशाचं. काका गाडीच्या पुढच्या बास्केटमध्ये एका वेळी तीनच ठेवायचे, म्हणजे समोरचं नीट दिसायचं. बटण कासवावर. पदपथावरून कुणी येत असेल तर थांबायचं, वळणावर भोंगा, प्रत्येक दाराशी किल्ली बंद.

दार उघडलं की तोच प्रश्न. "न शिवताच परत? बाईंना काय झालं?"

"माझ्या गाडीखाली आल्या. मी मागे बघितलं नाही."

काही जण "अरेरे, चालायचंच" म्हणाले. गणवेशवाल्या मुलीच्या आईनं गठ्ठा हिसकावून घेतला आणि दार लावलं. काकांना "चालायचंच"पेक्षा ते दारच जास्त बरं वाटलं.

सहा दिवस लागले. शेवटच्या दिवशी ते बाईंच्या उंबऱ्याशी आले. खोलीत मशीनवर चादर टाकलेली होती आणि भिंतीवर मापाची टेप लोंबत होती.

"झालं?"

"झालं. सगळ्यांचं पोचलं."

"कुणी काही म्हणालं?"

"एकजणी रडली. तिच्या लग्नाचा ब्लाउज तुम्हीच शिवला होता म्हणे."

बाईंनी मान हलवली. "तिला खांद्यात नेहमी सैल लागायचं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरले.

"उद्या काही आणून देऊ का? भाजी, औषधं?"

"नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "उद्या परगावची भाची मला न्यायला येतेय. तिच्याकडे वर जायला लिफ्ट आहे."

काका "बरं" म्हणाले. बाईंनी दार लावलं, हळूच, आवाज न करता. काकांनी मान वळवून मागे बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि रिकामी बास्केट घेऊन गाडी गल्लीबाहेर काढली.