सरळ रेघेचा ग्राफ

खांदेश्वरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या मुलांची एक अजब रीत आहे. आधी ग्राफ काढायचा, मग त्यावरून रीडिंग लिहायची. म्हणजे वरातीमागून घोडं! ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण ऐकतंय कोण?

यंदाच्या प्रॅक्टिकलला कॅपॅसिटर चार्ज करायचा होता, पण नेहमीसारखा रेझिस्टरमधून नव्हे, तर एकसारखा करंट देणाऱ्या सोर्सवरून, आणि वेळेबरोबर त्याचं व्होल्टेज कसं चढतं त्याचा ग्राफ काढायचा होता. सगळ्यांनी पाठ असलेली तीच वाकडी रेघ काढली: आधी भराभर वर, मग सुस्तावणारी. एका मुलीची रेघ मात्र सरळ. ती कामोठ्याची, याच विषयात आधी नापास झालेली. आता पास झाली नाही तर हाताशी आलेली नोकरी जाणार होती, आणि घरचे 'बस झालं शिक्षण' म्हणायला टपलेलेच होते.

बाहेरून आलेले परीक्षक चहा पिता पिता तिचा कागद बघून वैतागले. "कॅपॅसिटरचा ग्राफ असा असतो होय? बाकीच्यांचे बघ जरा." तिचे डोळे भरून आले. तिने खोडरबर उचललं.

माझं डोकंच सटकलं. "खबरदार खोडशील तर!" मग मी परीक्षकांकडे वळून म्हणाले, "सर, चहा थंड झाला तर दुसरा मागवते, पण तिला तुमच्यासमोर मोजू द्या."

तिने कॅपॅसिटर रिकामा केला, स्टॉपवॉच लावलं. मी व्होल्टमीटर मोठ्याने वाचू लागले. दर खेपेला व्होल्टेज तेवढंच चढत होतं. चढणारच की! टाकीत एकाच धारेने पाणी पडलं तर पातळी सारखीच वाढणार. रेझिस्टर असला की कॅपॅसिटर भरत जाईल तसा करंट आटतो, म्हणून रेघ वाकते. इथे करंट आटतच नव्हता. सोर्सला जेवढं व्होल्टेज देता येत होतं तिथे पोचल्यावर आकडा थांबला. सर चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे हिचं." आणि मार्क देऊन त्यांनी सही केली.

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! बाहेर आल्यावर तिची पाठ थोपटली. "शाब्बास गं! सगळा वर्ग एकीकडे, आणि तू एकटी एकीकडे. एवढं धाडस कुठून आणलंस?"

ती गोंधळली. "धाडस कसलं, मॅडम? मी रिपीटर. मला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कोणी घेतलंच नाही. तयार ग्राफ पाठवायला कोणी नव्हतं, म्हणून मोजत बसले."