वैमानिकाचा हार

त्या वर्षी मी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होते. तेवीस वर्षांची, बारामतीच्या कॉलेजात इतिहासाची नवी प्राध्यापिका, पहिल्या पगाराची साडी, आणि त्यात कळस गावच्या ग्रंथालयाकडून आलेलं आयुष्यातल्या पहिल्या व्याख्यानाचं बोलावणं. बारामतीत तेव्हा धावपट्टी नवी होती. शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं की वर्गातली पोरं व्हरांड्यात पळायची, आणि त्यांच्या आधी मी. मग व्याख्यानाला विषयही उडताच घेतला. एक जर्मन माणूस, लढाऊ वैमानिक ते मंत्री.

त्याचं आयुष्य मला तोंडपाठ होतं. पहिल्या महायुद्धात त्याने शत्रूची विमानं पाडली, पदकं मिळवली. युद्ध हरल्यावर बेकार झाला, पोटासाठी हवेत कसरती दाखवत फिरला. मग नाझी पक्षात शिरला, निवडून आला, मंत्री झाला, आणि ज्यू माणसांना केवळ त्यांच्या जन्मापायी नोकरीतून, घरातून, शेवटी जगातूनच हुसकावणाऱ्या हुकुमांवर सह्या करत बसला. विषय गंभीर होता, मी नव्हते. आरशासमोर तालीम करताना मला माझ्याच आवाजाचं भारी कौतुक वाटे. घरी आबांना, म्हणजे वडिलांना, विषयाचा पत्ता लागू दिला नव्हता. त्यांना मांडवातच चकित करायचं होतं.

ग्रंथालयाचे चिटणीस तात्या बारामतीला येऊन पुस्तकातला त्याचा फोटो घेऊन गेले. "जाहिरातीला लागंल," म्हणाले. मी आनंदाने दिला.

ठरल्या संध्याकाळी आबा आणि मी एसटीने कळसला उतरलो. शाळेच्या पटांगणात मांडव, आणि मांडवातल्या व्यासपीठावर, समई नि उदबत्तीच्या मधोमध, माझा वैमानिक. मोठा करून, चौकटीत घालून, काचेवर कुंकवाचं बोट लावून. आमच्याकडे प्रतिमापूजनाशिवाय कुठलाच कार्यक्रम सुरू होत नाही. ज्याच्यावर व्याख्यान त्याचीच प्रतिमा, असा तात्यांचा सरळ विचार. त्यात हा पडला मंत्री. आमच्या भागात मंत्र्याला हार घालताना कोणी चौकशी करत बसत नाही.

मला इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. तेवढ्यात माइकवरून तात्या म्हणाले, "प्रतिमेला हार घालाया म्याडमच्या वडलांनी वर यावं, अशी विनंती हाय."

माझं हसू जागीच विरलं. हे आबांचं जन्मगाव. याच पटांगणात लहानपणी, आमचं घर बौद्ध होण्याआधी, त्यांना बाकीच्या पोरांपासून लांब बसवत. गावाने त्यांना वर बोलावलं ते आज पहिल्यांदा. आबा उठले, नवा सदरा सारखा केला, ताठ चालत गेले आणि हार हातात घेतला. मी गप्प राहिले, तर जन्मावरून माणसं तोलणाऱ्याला माझे आबा हार घालणार होते. बोलले, तर त्यांना मिळालेला मान सगळ्या गावादेखत हातातून जाणार होता. मला रडू यायला लागलं.

मी धावत वर गेले आणि त्यांच्या कानाशी लागून तो कोण होता, मंत्री होऊन त्याने काय केलं, ते भराभर सांगून टाकलं. माइक चालूच होता. सगळं गावाने ऐकलं.

तात्यांचा चेहरा पार उतरला. "चुकलं आमचं, आबा," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या त्यो हार. तुमी खाली बसा निवांत."

आबांनी हार सोडला नाही. पाठीमागची खुर्ची ओढून ते तिथेच, प्रतिमेशेजारी बसले. हार मांडीवर ठेवला.

"मी बसतो, पर हितंच," ते म्हणाले. "हितं वर यायला मला चाळीस वर्सं लागली, तात्या. आता कुणाम्होरं वाकायचं ते मी ठरवीन." मग माझ्याकडे वळले. "तू बोल, बाळ. काय काय केलं त्यानं, समदं सांग ह्यास्नी."