पाठीमागची दरी

लग्न होऊन अमेरिकेत येऊन मला दोन वर्षं झाली होती. अपार्टमेंट, वाणसामानाचं दुकान आणि लाँड्री, एवढंच मी पाहिलं होतं. साल त्र्याऐंशी असावं. हे अ‍ॅरिझोनात एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. यांच्या मित्राने जुनी मोटरसायकल घेतली म्हणून यांनीही घेतली, आणि एप्रिलात आम्ही दोन जोडपी वाळवंटातल्या दऱ्या बघायला निघालो.

गावाकडे बसायचे तशीच मी मागे बसले. साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून. "इथे असं कुणी बसत नाही," हे म्हणाले. पण दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, तेही यांच्या मित्रासमोर? मी ऐकलं नाही.

घाट लागला. पुढून मित्र ओरडला, "वहिनी, बघा बघा! उजवीकडे!"

उजवीकडे माझी पाठ होती. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, आणि दरीही त्याच कडेला. माझ्या तोंडासमोर नुसता लाल कातळ आणि समोरून येणारे ट्रक. मान वळवली की गाडी डुलायची.

"हलू नकोस गं!"

"मला काही दिसत नाही."

"येताना दिसेल."

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा कळलं, परतीचा रस्ता दुसराच आहे, सपाट. दरी आता थोडीच राहिली होती. मी डबा उघडला आणि तसाच मिटला. उठले, बसले, पुन्हा उठले.

"अगं, काय घिरट्या घालतेस?" मित्राची बायको म्हणाली.

मी तिच्या कानाशी गेले. "तुझी जादा पँट आहे का?"

"बाई बाई!" ती एवढ्या मोठ्याने हसली की पंपावरचा माणूस बघायला लागला.

बाथरूममध्ये पँट खालून दोनदा दुमडली, वर यांचा शर्ट घातला, साडी पिशवीत कोंबली. बाहेर यायला मात्र पाय उचलेना. मित्र म्हणालाच, "अरे, ही कोण नवीन आणलीस?" हे गाडीकडे वळले. राग आला की काय, कळेना. यांनी किक मारली आणि नुसतं म्हणाले, "बैस."

बसले. धरायला काही नव्हतं म्हणून यांची कंबर धरली, लोकांसमोर पहिल्यांदाच.

एका वळणावर उजवीकडची जमीनच संपली. खाली लाल, त्याखाली जांभळं, अगदी तळाशी हिरवी रेघ, ती नदी. मी कंबर आणखी घट्ट धरली. नीट पाहते तोवर पुढचं वळण, त्यात आणखी खोल.

"दिसली? थांबू का?"

"नको."

"घाबरलीस?"

"हो. तुम्ही चालवा."

पुढे मित्राने फोटोसाठी गाडी कडेला लावली होती. दोघंही हात करत होते. आम्ही त्यांच्या शेजारून तसेच पुढे गेलो.