वीतभर गाळ

ओहोटीला खाडीत खायच्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, काढणाऱ्या सखूबाईंनी कोयत्याने गाळ खणला आणि एक ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं. काळंशार, वास मारणारं. बोटांनी चोळलं तर आत लाल, निळे, चंदेरी कण चमकले. शिंपल्यांचा चुरा असेल, असं मला वाटलं.

"शिंपले कुठले, ताई? प्लास्टिक हाय ते. वरचा वीतभर गाळ असाच. त्याखाली नुसता चिखल."

म्हणजे आजी-पणजीच्या काळातला चिखल खाली आणि वर आम्ही. पुढे कुणी इथे खणलं, तर या किळसवाण्या थरावरूनच आम्हाला ओळखणार! आणि यातल्याच तिसऱ्यांचं सुकं मी परवा मिटक्या मारत खाल्लं होतं.

तेवढ्यात सखूबाईंनी गाळातून एक पिशवी ओढून काढली. तोंडाला घट्ट गाठ. आतली फुलं केव्हाच कुजून गेली होती. हाराची चंदेरी जर तेवढी भुगा होऊन चिकटली होती.

"देवाचं निर्माल्य म्हनं," त्या म्हणाल्या आणि पिशवी भिरकावून दिली.

दर गणपतीत मीही निर्माल्याची पिशवी अशीच गाठ मारून खाडीच्या पुलावरून सोडते. मग डोळे मिटून हात जोडते.