वर केलेला हात

चारचौघांत बोलणं मला अजूनही जमत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढं याला पुरतं.

तेव्हा आम्ही जोगेश्वरीला, गुंफांच्या मागच्या वस्तीत राहायचो. संपानंतर नवऱ्याची गिरणी उघडलीच नाही. मग खोलीपुढच्या पत्र्याच्या पडवीत मी दोन स्टो मांडले आणि अंधेरीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पोरांचे डबे करू लागले. आमचं घर त्या पडवीवर चालत होतं.

वस्तीत एक दादा होता. नाव लिहीत नाही, तेवढाही मान त्याला द्यायचा नाही. तो कुठलीच गोष्ट स्वतःच्या नावावर करत नसे. "मी कोण? मालक जनता आहे," म्हणायचा. "जनतेला विचारल्याशिवाय मी घोटभर पाणी पीत नाही." आणि खरंच विचारायचा. नळ कुठे बसवायचा, कोणाची झोपडी मागे सरकवायची, सगळ्याला सभा. मारुतीच्या देवळापुढे लोक जमले की तो ओरडायचा, "कबूल असेल त्यांनी हात वर करा!" त्याची पोरं कडेला उभी राहून बघत असायची, कोणाचा हात खाली आहे ते. मग दादा म्हणायचा, "एकमताने!" हा शब्द मी त्याच्याच तोंडून शिकले. बाहेरून पाहुणे यायचे ते म्हणायचे, अशी लोकशाही आम्ही कुठे पाहिली नाही.

एका सभेत त्याने सांगितलं, वस्तीला जनतेचं कार्यालय पाहिजे. जागा रस्त्याच्या तोंडावर हवी. "आमच्या वहिनींची पडवी मोक्याची आहे, आणि वहिनी काय परक्या आहेत?"

मी बायकांत मागे बसले होते. पडवी गेली तर डबे जातील, एवढंच मला सांगायचं होतं. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा, बाई विचारतील तेव्हा उठायचं. मी हात वर केला.

दादाचं "कबूल असेल त्यांनी" अजून पुरं व्हायचं होतं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "अरे बघा, बघा! खुद्द वहिनींचा हात सगळ्यांच्या आधी! याला म्हणतात त्याग!"

टाळ्या पडल्या. भराभर सगळे हात वर गेले. "नाही, मला बोलायचं होतं," असं मी म्हणाले, पण त्या गलक्यात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"एकमताने!"

घरी आल्यावर नवरा त्याच्या मालवणीत म्हणाला, "आता काय बोलतलंस? हात तर तूच वर केलंस."

दुसऱ्या दिवशी दादाच्या पोरांनी माझे स्टो उचलून खोलीत आणून ठेवले. अगदी अदबीने. "वहिनी, सांभाळून हां, गरम आहे." त्याच खोलीत झोपायचं, त्यातच रांधायचं. रॉकेलच्या वासाने नवरा रात्रभर खोकायचा. निम्मी पोरं डबा सोडून गेली. पडवीत खुर्च्या आल्या, कॅरम आला, बाहेर पत्र्यावर लाल रंगात 'जनतेचं कार्यालय' आलं. नळावर बायका विचारायच्या, "काय गं त्यागमूर्ती, आज भाजी कसली?" मी हसून हंडा भरायची. पोटात मात्र एकच गोष्ट धरून ठेवली होती. या माणसाला पाडायचा.

मग महापालिकेची निवडणूक आली आणि दादा उभा राहिला. त्याची पोरं सांगत फिरली, शिक्का कोण कुठे मारतो ते आम्हाला बरोबर कळतं. बायका घाबरल्या. मीही घाबरले. माझी शेजारीण जालन्याकडची, बौद्ध. तिचे वडील मतदानाला धुतलेलं धोतर नेसून जायचे. ती फणकारली, "काही कळत नाही मेल्यांना. आत गेलीस की तू आणि शिक्का. तिथे कोणाचा बाप येत नाही बघायला."

हे मला पुरेसं झालं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण एकीच्या कानात बोलायला मी कधीच लाजले नाही. नळावर, वाण्याकडे, संडासाच्या रांगेत मी एकेकीला सांगितलं, आत कोणी बघत नाही. एवढंच. दादाचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. प्रत्येकीचं काही ना काही एकमताने गेलं होतं.

मतदान शाळेत होतं. चौथी सुटल्यावर मी पहिल्यांदाच वर्गात पाऊल टाकलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. तिथे हात वर करायचा नव्हता. शिक्का असा दाबला की टेबल हललं. साहेब म्हणाले, "बाई, हळू. कागद फाटेल."

दोन दिवसांनी मतमोजणीत दादा पडला. आमच्याच वस्तीच्या पेटीने घात केला, अशी बातमी आली.

त्याच संध्याकाळी देवळापुढे सभा. दादाचे डोळे सुजलेले. "मी हरलो नाही, जनता हरली! गद्दार कोण ते आज कळू दे. ज्यांनी मला मत दिलं त्यांनी हात वर करा!"

सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. या वेळी मी तो समजून-उमजून वर केला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग शेजारणीचा. मग बायकांचे, पुरुषांचे, म्हाताऱ्यांचे, सगळे. पोरं कडेने शोधत फिरली, एक हात खाली दिसला नाही. दादा हातांचं ते रान बघत उभा होता.

आयुष्यात चारचौघांत मी एकदाच बोलले, ते तेव्हा.

"एकमताने, दादा," मी म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं, मग पुष्कळ जण हसले.

आठवड्याभरात दादाची पोरं पांगली. मी कॅरम भिंतीला टेकवला आणि स्टो बाहेर मांडले. दादा येता-जाता नुसता बघायचा. मला उठवायला सभा घ्यावी लागली असती, आणि हातांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. पत्र्यावरची लाल अक्षरं मी पुसली नाहीत. रोज त्यांच्याखाली बसून कांदे चिरायची. तो जाताना दिसला की जरा जोरात चिरायची.