लाकडी कोबा

सकाळी उठली की मंजुळाबाई आधी गुडघ्यांचा अंदाज घ्यायची, मग आभाळाचा. गुडघे बरे असले तर दिवस निघून जाई; नसले तरी कामावर जावंच लागे. सत्तावीस वर्षं तिनं लोकांच्या घरातली जमीन गुडघ्यांवर बसून घोटली होती. नवरा कोंडाजी गवंडी. त्यानं सिमेंटचा कोबा घालायचा आणि तिनं नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं तो घोटून घोटून आरशासारखा करायचा, अशी दोघांची वाटणी. नगरकडून निघालेली ही दोघं खडकीच्या बंगल्यांची कामं धरत धरत थेरगावात येऊन टेकली होती. टेकली म्हणजे एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागं दोन खणांचं छप्पर, एवढंच. काम आज वाकडला, उद्या रहाटणीला, परवा पार देहूकडं. जाताना पाय चालत. येताना ते नुसते ओढले जात.

त्यात दोन वर्षांपासून कोंडाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. थापी हातात असली की सवयीनं ती बरोबर फिरे, पण बारीक काम दिसेना. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. अधू डोळ्यांच्या गवंड्याला कोण काम देणार?

बारीक काम म्हणजे लाकडी कोबा. कोंडाजीला ही विद्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दिली होती. सिमेंटात तांबडी काव आणि पिवळा रंग कालवायचा, ओल्या थरावर सूत मारून फळ्यांसारखे पट्टे पाडायचे, मग लाकडाच्या फणीनं एकेका फळीवर सागाच्या रेषा ओढायच्या आणि अंगठ्यानं मधूनच एखादी गाठ उठवायची. वाळल्यावर कुणी म्हणणार नाही की हे लाकूड नाही. आता दोन वर्षं ती फणी मंजुळाबाईच्या हातात होती. बाईनं गवंड्याचं हत्यार धरलं की काम वाकडं जातं, असं गवंडी लोक म्हणत. म्हणून काम चालू असताना कोंडाजी दाराशी पाठ करून बसे, आणि कुणी डोकावलं तर चटकन फणी मागून घेई.

रहाटणीच्या नानासाहेबांचं नवं घर त्या उन्हाळ्यात पुरं होत आलं होतं. नानासाहेबांचं अर्धं रान पिंपरीच्या नव्या कारखान्यात गेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याच्या बांधावर त्यांनी विटांचं घर काढलं होतं. स्वयंपाकघर आणि न्हाणी कशी करायची, यावरून घरात महिनाभर वाद चालला होता. नानासाहेबांची बायको शालनबाई. तिनं खडकीला कुण्या साहेबाच्या बंगल्यात लाकडाची जमीन पाहिली होती, तेव्हापासून तिच्या मनातून ती जाईना.

"लाकूड टाकाल तर दोन पावसाळ्यांत वाळवी ताटात येऊन बसंल," सुतारानं सांगून टाकलं. "आन् न्हाणीत लाकूड? त्यापरीस होडीच करून घ्या."

मग नानासाहेबांनी पुण्याहून लाकडाच्या रंगाचं मेणकापडासारखं जाड कापड आणलं. ते पसरलं तेव्हा छान दिसलं. शालनबाईनं त्यावर गरम तवा ठेवला, आणि तव्याएवढा काळा गोल कायमचा उठला. ते कापड आता बैलगाडीवर झाकायला गेलं होतं. शहाबादी फरशी शालनबाईला तुरुंगासारखी वाटे.

"आन् सारवण कुठं करायचं?" नानासाहेबांची आई सुभद्राबाई दर वेळी एकच विचारायची. "चुलीम्होरं शेणाचा हात फिरला न्हाई, ती चूल कसली."

शेवटी कोंडाजीचं नाव निघालं. त्यानं लाकडी कोबा सुचवला आणि सुभद्राबाईसाठी चुलीपुढं हातभर जागा मातीचीच ठेवायचं कबूल केलं. त्या हातभर जागेवर म्हातारी निम्मी राजी झाली. बाकीची निम्मी ती रोज काम बघायला येऊन बडबडत राही.

खरी गोष्ट पुढं होती. शालनबाईच्या बहिणीचा नवरा मारुतराव ठेकेदार होता. कारखान्याच्या साहेबलोकांचे अठरा बंगले त्याच्याकडं होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, वास्तुशांत; त्या दिवशी तो जेवायला येणार आणि कोबा बघणार, असं नानासाहेबांनी कोंडाजीला सांगितलं.

"पसंत पडला, तर अठराही बंगल्यांची स्वयंपाकघरं आन् न्हाण्या तुमच्याच. दोन वर्षं हलायला नको. राहायला जागासुद्धा देईल तिथंच."

त्या दिवशी थेरगावला परत येताना मंजुळाबाई वाटेत दोनदा बसली. "दोन वरसं एका जागी," ती म्हणाली.

"बघू," कोंडाजी म्हणाला.

"बघू काय. मला आता चालवत न्हाई, अवं. घोटीन मी, घोटायला ना न्हाई. पर चालवत न्हाई."

चैत्राच्या मध्याला त्यांनी काम धरलं. खाली विटांचा रोडा भरून चोपला. न्हाणीत मोरीकडं उतार दिला आणि तो उतार तपासायला मंजुळाबाईनं सुभद्राबाईकडून लिंबू मागून घेतलं. लिंबू चारी कोपऱ्यांतून सोडलं, चारी वेळा मोरीत जाऊन थांबलं.

"लिंबाला पन कळतंय कुटं जायाचं," सुभद्राबाई म्हणाली. "आमच्या सूनबाईला कळत न्हाई."

वरचा रंगीत थर एका बैठकीत घालावा लागतो. ओला असताना फणी फिरवली तर रेघ मिटते, आवळल्यावर फिरवली तर उमटत नाही. मधला वेळ थोडका. त्यात मंजुळाबाई एका टोकाकडून मागं मागं सरकत फळ्या ओढत आली. रेघ दबली पाहिजे पण पुसली जाता कामा नये, इतक्या हलक्या हातानं तिनं वरून गोटा फिरवला. न्हाणीत मात्र घोटाई कमीच केली. ओल्या पायाला रेघांचा आधार राहतो, पाय घसरत नाही. तोवर कोंडाजीनं दार अडवून सुभद्राबाईलाही आत डोकावू दिलं नव्हतं. उठायची वेळ आली तेव्हा तिला उठता येईना. दाराची चौकट धरून ती कशीबशी उभी राहिली. डाव्या अंगठ्याला जुनी कापल्याची खूण होती; उठवलेल्या प्रत्येक गाठीत ती बारीक चीर उमटली होती. तिला ते दिसलं. पुसायला पुन्हा वाकणं तिच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी थर आवळल्यावर तिनं दोन्ही उंबऱ्यांशी मातीचा बांध घातला आणि दोन्ही ठिकाणी बोटभर पाणी भरून ठेवलं. "सात दिस पानी हलवायचं न्हाई," तिनं शालनबाईला बजावलं. "सिमिटाला पानी पाजावं लागतं, न्हाईतर उन्हानं त्ये तडकतंय." शालनबाईनं मान डोलावली आणि ती बहिणीकडं चिंचवडला आमंत्रण द्यायला निघून गेली.

चौथ्या दिवशी दोघं पाणी बघायला आली. न्हाणी भरलेली होती. स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत होतं आणि सुभद्राबाई कोपऱ्यात जुनं लुगडं पिळत बसली होती.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "बरं झालं मी हुते. परवा दुपारपासनं पानी उपसतेय. वाटीनं उपसलं, मग लुगड्यानं पुसलं. इतकं झ्याक लाकूड, आन् पान्यात बुडवून ठेवलं हुतं कुनीतरी. कुजलं असतं की समदं. न्हाणीतलं ऱ्हाऊ दिलं. तिथं पानी असायचंच."

 मंजुळाबाई उंबऱ्यातच बसली. दोन दिवसांच्या उन्हाळी वाऱ्यानं कोब्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं धरलं होतं, आणि बोट फिरवलं तर बोटाला पिवळी भुकटी लागत होती. पुन्हा घालायचा तर सिमेंट हवं. सिमेंट सरकारी परमिटवरच मिळे, आणि नानासाहेबांचं परमिट संपलं होतं. आखाजीला सहा दिवस होते.

"काय झालं?" कोंडाजीनं विचारलं. त्याला भेगा दिसल्या नव्हत्या. तिनं त्याचा हात धरला आणि बोटं कोब्यावर टेकवली. त्याची बोटं थोडी फिरली आणि थांबली.

"आजीबाई, ह्ये—" त्यानं सुरुवात केली. मंजुळाबाईनं त्याचा हात दाबला.

म्हातारीचे हात पाण्यानं सुरकुतून पांढरे पडले होते. सत्तरीची बाई दोन दिवस वाटी वाटी पाणी उपसत होती, तेही जिच्यावर महिनाभर टीका केली त्या जमिनीसाठी. आता हिनं घात केला असं शालनबाईला सांगितलं, तर वास्तुशांतीच्या जेवणात पंगतभर तेच वाढलं जाणार. मंजुळाबाईला राग आला नाही असं नाही. पण राग धरायलाही अंगात थोडं बळ लागतं.

मग ती रोज आली. रहाटणीला यायचं, पाणी भरायचं, उरलेलं मूठभर सिमेंट काव घालून पातळ कालवायचं आणि फडक्यानं एकेका भेगेत जिरवायचं. भेगा बुजल्या, पण दिसत राहिल्या. सुभद्राबाई उंबऱ्यात बसून बघत होती.  तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "ह्ये लाकूड न्हाई का गं?"

"न्हाई, मावशी. सिमिट हाय."

 म्हातारी उठून आत गेली.

आखाजीला माणसांनी घर भरलं. जेवणं उरकल्यावर मारुतराव पान चघळत न्हाणीत शिरला. पायातले जोडे त्यानं बाहेर काढले होते. भिंतीला हात लावून अनवाणी पायानं त्यानं कोबा दाबून पाहिला, तांब्याभर पाणी ओतलं, पाणी मोरीत गेलेलं पाहिलं. मग स्वयंपाकघरात आला. चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"न्हाणी चांगली आहे," तो म्हणाला. "इथं मात्र भेगा आहेत. हे कोणाचं काम, मिस्त्री? पाणी मारलं नाहीत?"

शालनबाईचा चेहरा उतरला. "दाजी, मला तर पाणी भरलंय असं सांगितलं होतं..." ती कोंडाजीकडं बघू लागली.

कोंडाजीनं मान खाली घातली. "चूक माझीच, साहेब," तो म्हणणार होता. "चूक" एवढंच तोंडातून निघालं.

"पानी मी काडलं," सुभद्राबाई म्हणाली. ती मातीच्या त्या हातभर जागेवर, ताज्या सारवणाशेजारी बसली होती. "त्यानला काय इचारतोस? मला वाटलं लाकूड हाय. कुजंल म्हनून काडलं."

 मारुतराव हसला. पान सांभाळत, खांदे हलवत हसला. "आत्याबाई, तुम्ही उभा जन्म लाकूड फोडण्यात घालवलात. तुम्ही फसलात, तर साहेबाची मडम फसलीच म्हणायची."

मागं पंगतीतल्या बायका हसल्या. सुभद्राबाई हसली नाही. शालनबाई सासूकडं बघत राहिली.

मारुतरावानं एका गाठीवर बोट ठेवलं. मग दुसरीवर. दोन्हींत तीच बारीक चीर होती. "गाठी अंगठ्यानं उठवल्या आहेत," तो म्हणाला. "मिस्त्री, हात बघू."

कोंडाजीनं हात पुढं केला. रुंद, राठ पंजा. मारुतरावानं त्याचा अंगठा गाठीवर टेकवला. गाठ अंगठ्याखाली बुडून गेली. मग त्यानं कोंडाजीच्या डोळ्यांकडं पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि शेवटी दाराआड उभ्या असलेल्या मंजुळाबाईकडं. तिनं डावा हात पदराखाली घेतला. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढला. लपवायचाही कंटाळा आला होता.

"केव्हापासून?" मारुतरावानं विचारलं.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली.

"हजेरीपटावर मी बाईला मिस्त्री लिहू शकत नाही. वरचे लोक हसतील. नाव कोंडाजीचंच लागेल."

"लावा," मंजुळाबाई म्हणाली. "ऱ्हायाला जागा तितंच का?"

"तिथंच. पत्र्याची आहे."

"पानी?"

"नळ आहे."

"सात दिस पानी कुनी काडायचं न्हाई," ती म्हणाली. "एवढं साहेबांच्या बायकांना सांगून ठेवा."

पाहुणे पांगायला लागले तेव्हा ती ओटीवर बसून होती. अठरा स्वयंपाकघरं आणि अठरा न्हाण्या. रोजचं चालणं सुटलं होतं. गुडघे टेकणं तेवढंच राहिलं होतं, छत्तीस खोल्यांचं. आनंद व्हायला हवा होता, आणि कुठंतरी तो होताही, पण दिवसभराच्या कामानंतर लांबून कुणी हाक मारावी तसा. कोंडाजी शेजारी येऊन बसला आणि त्यानं फणी कमरेच्या पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवली. आता ती मागून घ्यायची गरज नव्हती, निदान मारुतरावासमोर तरी.

दोघं निघणार तेवढ्यात सुभद्राबाई बाहेर आली. हातात चार घड्या घातलेलं जाड काहीतरी होतं. पाणी पुसलं होतं ते जुनं लुगडं, धुऊन वाळवलेलं, कडेनं धावदोरा घालून शिवलेलं.

"ह्ये ने," ती म्हणाली. "गुडघ्याखाली घे. मी दोन दिस टेकले तर माझे अजून ठणकत्यात."

मंजुळाबाईनं घडी दाबून पाहिली. चांगली जाड होती.

"दोन्ही गुडघ्यांला पुरंल का गं?" म्हातारीनं विचारलं.

"पुरंल," मंजुळाबाई म्हणाली, आणि चौकटीला हात टेकून उठली.