दगडूअण्णांचं कौतुक

शेजारचे दगडूअण्णा आमच्याकडे चहाला आले की पहिल्या घोटालाच माझ्या बायकोला म्हणत, "वहिनी, ह्यो चहा म्हशीला पाजा." आणि दुसरा कप मागत. माझ्या मुलीला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "त्या कंपनीचं वाटोळं झालं आता!" मूळचे सायखेड्याचे. नाशकात कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म गेला, पण आवडत्या माणसाला चांगलं म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. हा तरी राहावा म्हणून आईने नाव ठेवलं दगडू. "ग्वाड बोललं की नजर लागती," असं ते सांगत, आणि यात मात्र त्यांची चेष्टा नसे.

मुलगा सागर कॅनडात, सून क्लेर तिकडचीच. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. दोन वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा घरच्या ग्रुपवर तिने स्वतः फोटो टाकला. अण्णा फोन घेऊन धावत माझ्याकडे आले. डोळे भरलेले. एका बोटाने माझ्यासमोरच त्यांनी टाइप केलं, "कसलं हे ध्यान! असलं कुरूप पोर कुणालाच नको." पुढे चार हसरे चेहरे. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण मीही हसलो.

क्लेरने फोनवरच भाषांतर करून पाहिलं. भाषांतर अगदी बिनचूक होतं. ती ग्रुपमधून बाहेर पडली. घाबरून अण्णांनी आणखी हसरे चेहरे पाठवले. मग सागरचा फोन आला.

"अण्णा, ती रडतेय. काय सांगू तिला?"

"आपल्यात असंच बोलत्यात म्हनून सांग."

"सांगितलं. ती म्हणते, बाळ गेलेल्या आईशी कुणी अशी चेष्टा करतं का?"

"म्हनून तर केली रे! मरनालाबी नको वाटावं म्हनून..."

फोन तोवर बंद झाला होता.

मी इंग्रजीत माफीचं पत्र लिहून दिलं, त्याला उत्तर आलं नाही. सागर दिवाळीला फोन करतो, मुलाचा विषय काढत नाही. नातू आता तीन वर्षांचा असेल. अण्णांकडे त्याचा तो एकच फोटो आहे.

गेल्या महिन्यात माझी नात पहिल्यांदा घरी आली. अण्णा बघायला आले. आता काय बोलतात म्हणून मी कान टवकारून बसलो होतो. त्यांनी दुरूनच पाहिलं. "छान हाय," म्हणाले. चहाचा घोट घेतला. "चांगला झालाय, वहिनी." अर्धा कप तसाच ठेवून ते निघून गेले.

हिने नातीला घाईघाईने तीट लावली, तो कप उचलला आणि मला विचारलं, "आपलं काही चुकलं का हो?"